दोन दारांची टक्केवारी



मुख्याध्यापिकेने आपल्या पत्रिकेत लेख लिहायचा म्हणजे तो शिस्तीवर किंवा परीक्षेच्या तयारीवर असणार, अशी आपली अपेक्षा असते. या वेळी मात्र गणितावर लिहीत आहे, आणि तेही माझ्याच हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करून.

मागील वर्षी विश्वस्त मंडळाने मला विचारले होते की, सहावीत तिसरी भाषा म्हणून मराठी घेणारी किती मुले नववीपर्यंत पोहोचता पोहोचता मराठी सोडून संस्कृत घेतात? प्रश्न साधा वाटला तरी त्याच्या मागे मोठी गोष्ट होती. मराठीच्या दुसऱ्या शिक्षिकेचे पद पुढे चालू ठेवायचे की नाही, हे या उत्तरावर ठरणार होते. मी बी.एस्सी.ला सांख्यिकी घेतलेली आहे, त्यामुळे उत्साहाने दाखल-खारीज रजिस्टर मागवले, दोन रविवार बसले आणि अहवालात लिहून टाकले की निम्म्याहून अधिक मुले मराठी सोडतात. बैठकीत हा आकडा वाचून सगळे गप्प झाले. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "मुलांनाच नको असेल तर आपण तरी पद कुणासाठी ठेवायचे?"

सुदैवाने निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. दुसऱ्या दिवशी आमचे बडेबाबू, ज्यांच्या हाताखालून शाळेची प्रत्येक टी.सी. गेलेली आहे, माझा कागद घेऊन आले. "बाई, संस्कृतकडे गेलेली तुम्ही लिहिलीत. त्याच रीतीने मी शहर सोडून गेलेली काढली. दोन्हींची बेरीज शंभराच्या वर जाते. आणि वर्गात जी बसली आहेत ती वेगळीच." मी कागद पुन्हा पाहिला. गुणाकार-भागाकारात चूक नव्हती, चूक विचारात होती. ती चूक समजून घेताना मी जे शिकले, ते आज आपल्यासमोर मांडते.

शाळेचे खरे आकडे येथे देत नाही, कारण त्यामागे ओळखीची कुटुंबे आहेत. गणित सोपे व्हावे म्हणून काल्पनिक आकडे घेऊ आणि तेही मुद्दाम मोठे घेऊ. समजा सहावीत १०० मुलांनी मराठी घेतली. या वर्गाला बाहेर पडण्याची दोन दारे आहेत. पहिले दार बदलीचे: वडिलांची किंवा आईची बदली झाली आणि कुटुंब शहर सोडून गेले. दुसरे दार संस्कृतचे: मूल शाळेतच आहे, पण मराठी सोडली. सहावीच्या शेवटी २० मुले पहिल्या दाराने गेली आणि २० दुसऱ्या दाराने. राहिली ६०. सातवीच्या शेवटी १२ पहिल्या दाराने, १२ दुसऱ्या दाराने. राहिली ३६. आठवीच्या शेवटी ९ आणि ९. नववीत मराठीच्या बाकावर बसली १८.

आता मी काय केले ते पाहा. मला फक्त संस्कृतचे दार मोजायचे होते. बदली होऊन गेलेल्या मुलांविषयी मी म्हटले, ती आपल्या नजरेआड झाली, ती जोपर्यंत दिसत होती तोपर्यंतच त्यांना हिशोबात धरू. पहिल्या वर्षी १०० पैकी २० संस्कृतकडे गेली, म्हणजे ५ पैकी ४ टिकली. दुसऱ्या वर्षी ६० पैकी १२ गेली, पुन्हा ५ पैकी ४ टिकली. तिसऱ्या वर्षी ३६ पैकी ९, म्हणजे ४ पैकी ३ टिकली. तिन्हींचा गुणाकार: ४/५ × ४/५ × ३/४ = ४८/१००. म्हणजे ४८ टक्के टिकतात आणि ५२ टक्के मराठी सोडतात. निम्म्याहून अधिक!

ही रीत मी मनाने काढलेली नाही. कॅप्लान आणि मायर या दोन शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ती नीट मांडलेली आहे आणि जगभरच्या वैद्यकीय संशोधनात ती रोज वापरली जाते. रुग्ण किती काळ जगतो, यंत्र किती काळ चालते, मूल किती वर्षे शाळेत टिकते, अशा "किती काळ" या प्रश्नांच्या शास्त्राला उत्तरजीविता विश्लेषण म्हणतात. शब्द जड आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्यामुळे मला तो लगेच जवळचा वाटला, पण मुलांनी "टिकण्याचे गणित" म्हटले तरी चालेल.

मग रीत बरोबर असताना उत्तर का चुकले? बडेबाबूंनी केले तसे बदलीच्या दारासाठीही तेच गणित करून पाहा. आकडे तेच असल्याने उत्तरही ५२ टक्केच येते. म्हणजे १०० मुलांपैकी ५२ संस्कृतकडे, ५२ बाहेरगावी आणि १८ वर्गात. १०० मुलांची १२२ झाली!

खरी मोजणी तर समोरच आहे. संस्कृतकडे गेली २० + १२ + ९ = ४१. बदलीने गेली तीही ४१. राहिली १८. बेरीज १००. मग माझ्या ५२ मध्ये ही ११ जास्तीची मुले आली कुठून?

यातच सगळे मर्म आहे, म्हणून येथे थोडे थांबू. पहिल्या वर्षी जी २० मुले शहर सोडून गेली, त्यांना मी "नजरेआड" म्हटले. नजरेआड म्हटले की ही रीत असे धरून चालते की ती मुले कुठेतरी आहेतच आणि येथल्या मुलांसारखीच वागत आहेत. म्हणजे दुसऱ्या वर्षी त्या २० पैकी पाचवा हिस्सा, ४ मुले, संस्कृत घेणार. उरलेल्या १६ पैकी चौथा हिस्सा, आणखी ४ मुले, तिसऱ्या वर्षी घेणार. दुसऱ्या वर्षी गेलेल्या १२ पैकी चौथा हिस्सा, ३ मुले, तिसऱ्या वर्षी घेणार. ४ + ४ + ३ = ११. मिळाली ती ११ मुले! जी केव्हाच दुसऱ्या शहरातल्या शाळेत गेली आहेत, ज्यांचे नाव आपल्या हजेरीपटावर नाही, त्यांना मी आपल्या शाळेत बसून संस्कृत घ्यायला लावले होते.

"नजरेआड" हा शब्द चुकीचा नाही, तो चुकीच्या मुलाला लावला गेला. आज सातवीत बसलेले मूल आठवीत काय करील हे आज ठाऊक नाही, ते "अजून नाही" या गटातले आहे. त्याच्यासाठी वरील रीत अगदी योग्य आहे. पण जे शहर सोडून गेले, ते आपल्या शाळेत मराठी सोडून संस्कृत "आता कधीच" घेणार नाही. एका दाराने गेलेल्यासाठी दुसरे दार कायमचे बंद होते. जिथे अशी अनेक दारे असतात आणि प्रत्येकाला एकाच दाराने जायचे असते, त्या परिस्थितीला शास्त्रात स्पर्धक जोखमी असे नाव आहे. ही दारे जणू एकमेकांशी शर्यत लावून बसलेली असतात.

हा विचार नवा नाही. त्याची सुरुवात २६० वर्षांपूर्वी झाली, आणि ज्या रोगाच्या निमित्ताने झाली तो आपल्या घराघरांत माहीत होता. तो रोग म्हणजे देवी. आपल्याकडे माळव्यात चेचक किंवा नुसते "माता निघाली" म्हणत. माझ्या पिढीच्या बहुतेकांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. सहावीच्या मुलींना तो दाखवला तर त्यांना वाटते बाईंना लहानपणी भाजले असावे. देवी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही, ही केवढी भाग्याची गोष्ट! भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जग या रोगातून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

अठराव्या शतकात मात्र युरोपात देवीने लाखो मुले जात. तेव्हा जेन्नरची लस निघायची होती, ती १७९६ ची गोष्ट. पण एक जुना उपाय तुर्कस्तानात आणि आपल्या बंगालमध्येही चालत होता. सौम्य देवी आलेल्या रुग्णाच्या फोडातील द्रव निरोगी मुलाच्या कातडीवर ओरखडा काढून लावायचा. मुलाला बहुधा हलक्या देवी येत आणि मग जन्मभर धोका राहत नसे. पण काही मुले त्या टोचण्यानेच दगावत. आईबापांपुढे प्रश्न असा की, आज धडधाकट असलेल्या मुलाला हा धोका पत्करून टोचावे की नशिबावर सोडावे?

या प्रश्नाला गणिताने उत्तर द्यायचे धाडस डॅनियल बर्नूली यांनी केले. अकरावीच्या मुलांना हे नाव परिचित आहे. वाहत्या पाण्याच्या वेगाचा आणि दाबाचा जो नियम आपण शिकतो, ("बरनौली का प्रमेय" म्हणून आम्ही तो घोकला होता) तो यांचाच. फार थोड्यांना माहीत असते की त्यांची पदवी वैद्यकाची होती. १७६० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत त्यांनी देवीवरचा आपला निबंध वाचला, तो १७६६ मध्ये छापला गेला.

त्यांच्या हाताशी काय होते? ब्रेस्लाऊ नावाच्या शहरातील (आज ते पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ नावाने आहे) जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून हॅली यांनी १६९३ मध्ये केलेली एक सारणी. हे हॅली म्हणजे धूमकेतूवालेच. त्या सारणीत किती वयाची किती माणसे उरतात हे होते, पण कोण कशाने गेले हे नव्हते. म्हणून बर्नूलींनी दोन गोष्टी गृहीत धरल्या: ज्यांना देवी आलेल्या नाहीत त्यांच्यापैकी दरवर्षी ८ पैकी एकाला त्या येतात, आणि आलेल्यांपैकी ८ पैकी एक दगावतो. जन्मलेली १३०० बालके घेऊन त्यांनी वर्षावर्षाचा हिशोब मांडला.

आता एक प्रश्न विद्यार्थ्यांना. दरवर्षी ८ पैकी एकाला देवी येत असतील, तर पुरेशी वर्षे गेल्यावर जवळजवळ प्रत्येकाला त्या येणारच. मग १३०० पैकी देवीने किती जातील? पटकन उत्तर येते: आठवा हिस्सा, म्हणजे १६० च्या वर. बर्नूलींच्या हिशोबात उत्तर आले सुमारे १००, म्हणजे साधारण तेरावा हिस्सा. कारण उघड आहे. १३०० पैकी ३०० बालके तर पहिल्याच वर्षी दगावत, बहुतेक इतर आजारांनी. त्यांच्यापर्यंत देवी पोहोचण्याआधीच दुसरे दार उघडले होते. आठवा हिस्सा हे माझ्या ५२ टक्क्यांचे भावंड आहे आणि तेरावा हिस्सा हे ४१ चे.

पुढे त्यांनी विचारले, देवीचे दार कायमचे बंद केले तर काय होईल? येथेही भाबडा हिशोब चुकतो. देवीतून वाचलेले मूल अमर होत नाही. ते ताप, अतिसार, खोकला या इतर दारांसमोर पुन्हा उभे राहते. हे सगळे धरून बर्नूलींचे उत्तर असे आले की, सरासरी आयुष्य २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल. वाढ ३ वर्षे २ महिन्यांची. टोचल्याने २०० पैकी एक मूल दगावते असे धरले तरी या वाढीतून जेमतेम दोन महिने कमी होतात. म्हणून टोचावे, असे त्यांचे मत.

त्याच वर्षी नोव्हेंबरात द'अलाँबेर या दुसऱ्या थोर गणितज्ञाने त्याच अकादमीत हरकत घेतली. त्यांचा टोचण्याला विरोध नव्हता, हिशोबाच्या अर्थाला होता. टोचल्यामुळे मरण आले तर ते याच महिन्यात येते, आणि मिळणारी तीन वर्षे मिळतात ती आयुष्यभर वाटलेली, बरीचशी दूरच्या काळात. या दोन गोष्टी एका सरासरीत घालून कशा तोलायच्या? मला स्वतःला बर्नूलींचा निष्कर्ष बरोबर वाटतो, पण मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या आईचा प्रश्न द'अलाँबेर यांना जास्त कळला होता, असेही वाटते.

आता आपल्या वर्गाकडे परत येऊ. बरोबर रीत अवघड नाही. प्रत्येक वर्षी संस्कृतकडे जाण्याचा दर काढायचा, पण त्याला गुणायचे ते दोन्ही दारांपासून वाचून त्या वर्षाच्या सुरुवातीला खरोखर वर्गात असलेल्यांच्या हिश्श्याने. पहिले वर्ष: १ × १/५ = ०.२०. दुसरे: ०.६० × १/५ = ०.१२. तिसरे: ०.३६ × १/४ = ०.०९. बेरीज ०.४१. कुणी म्हणेल, एवढे कशाला, सरळ मोजले तरी ४१ च येतात. खरे आहे, सगळ्या मुलांची तिन्ही वर्षे संपली असतील तर सरळ मोजावे. पण आपल्या रजिस्टरात यंदा सहावी-सातवीत असलेली मुलेही आहेत. त्यांची जेवढी वर्षे दिसली तेवढी दरात धरायची आणि पुढचे हवेत सोडायचे नाही, यासाठी ही रीत लागते. वर्षाच्या त्या दराला कारणनिहाय दर म्हणतात आणि ०.४१ या बेरजेला संचयी प्रमाण. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. दर सांगतो की आज वर्गात असलेल्याला या दाराची ओढ किती आहे. संचयी प्रमाण सांगते की शेवटी किती जण या दाराने जातील.

यातून एक चमत्कारिक परिणाम निघतो. समजा पुढच्या वर्षी बदल्या एकदम थांबल्या, पण संस्कृतचा दर तोच राहिला. तर संस्कृतकडे जाणाऱ्या मुलांची संख्या वाढेल! मराठीची गोडी कमी झालेली नसेल, शिक्षिकेची काही चूक नसेल, केवळ दुसरे दार बंद झाल्याने जास्त मुले वर्गात राहिली आणि म्हणून या दारापर्यंत पोहोचली, एवढेच.

मग ५२ हा आकडा टाकाऊ का? पूर्णपणे नाही. "कुणाचीच बदली झाली नसती तर किती जणांनी मराठी सोडली असती?" या कल्पनेतल्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. पण तेही एका अटीवर: दोन दारांचा एकमेकांशी काही संबंध नसला पाहिजे. आणि आपल्याकडे तो आहे. बदलीच्या नोकरीतले कितीतरी पालक मला सांगतात, "मॅडम, उद्या भोपाळला किंवा दिल्लीला गेलो तर मराठी कुठे मिळणार? संस्कृत सगळीकडे मिळते." म्हणजे ज्यांची बदली होण्याची शक्यता जास्त, तेच संस्कृतकडेही जास्त वळतात. असा संबंध आहे की नाही, हे नुसत्या रजिस्टरावरून ओळखता येत नाही, कारण प्रत्येक मुलाचे आपल्याला एकच दार दिसते. ही रीतीची नव्हे तर माहितीचीच मर्यादा आहे, हे १९७५ मध्ये त्सियाटिस यांनी गणिताने सिद्ध करून दाखवले. रजिस्टर जे सांगत नाही ते पालकांना विचारूनच कळते.

पालकांसाठी एक गोष्ट दवाखान्यातली. घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांचा खुब्याचा सांधा बदलायचा आहे आणि "दहा वर्षांत तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता इतके टक्के" असे कुणी सांगितले, तर तो आकडा कसा काढला हे जरूर विचारावे. या वयात दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येण्याआधी माणूस इतर कारणाने जाण्याची शक्यता मोठी असते. गेलेल्यांना "नजरेआड" धरले असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला असतो आणि आजोबा उगीच घाबरतात. वय जितके जास्त, तितकी ही फुगवट मोठी.

विश्वस्त मंडळापुढे मी दुरुस्त अहवाल ठेवला आहे. त्यात संस्कृतकडे जाणारी, शहर सोडणारी आणि टिकलेली अशा तीन रांगा आहेत, आणि प्रत्येक वर्षाची बेरीज १०० येते. संस्कृतकडे जाणारी मुले निम्म्याहून कमी निघाली, तरी थोडी नाहीत. मराठीच्या पदाविषयी काय करायचे ते मंडळ ठरवील, पण या वेळी ते खऱ्या मुलांच्या संख्येवर ठरेल.

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय: एका वर्गात ८० मुले आहेत. पहिल्या वर्षी २० शहर सोडतात, १० संस्कृत घेतात. दुसऱ्या वर्षी उरलेल्या ५० पैकी १० शहर सोडतात, ५ संस्कृत घेतात. माझ्या जुन्या चुकीच्या रीतीने संस्कृतकडे गेलेली मुले १७ येतात, खरी १५ आहेत. जास्तीची २ मुले नेमकी कोणत्या गटातून आली, ते वर ११ मुले शोधली तशी शोधा. शहर सोडणाऱ्यांसाठीही दोन्ही रीतींनी उत्तर काढा. वह्या शनिवारच्या बालसभेपूर्वी बडेबाबूंकडे द्याव्यात, या वेळी त्या तेच तपासणार आहेत.